शंभरावा डाव

क्लेम बाल्ट्रुसचं नाक तीन वेळा मोडलं होतं, आणि तिन्ही वेळा बेसबॉलच्या नोंदवहीतल्या एका खुणेपायी. पहिल्यांदा नऊ नंबर खाणीच्या एका खेळाडूच्या बापाने त्याच्या तोंडावर जेवणाचा पत्र्याचा डबा हाणला, कारण पोराच्या हातून निसटलेला चेंडू क्लेमने पोराची चूक म्हणून लिहिला होता. दुसऱ्यांदा उलटं झालं. एका बॅटरला जो आपला फटका वाटत होता, तिथे क्लेमने समोरच्याची चूक लिहिली, आणि बॅटरने हातातली बॅटच वापरली. तिसऱ्यांदा दोघे भाऊ रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर थांबले होते. एकाने केस धरले, दुसऱ्याने गुडघा घातला. प्रत्येक वेळी क्लेम बाहीला रक्त पुसत एवढंच म्हणाला, "लिहिलं ते लिहिलं."

त्यामुळे वॉलरटनमध्ये क्लेमची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्या गावात दारुड्याला माफी होती, बायकोला मारणाऱ्यालाही लोक रविवारी नमस्कार करायचे, पण वहीत खाडाखोड करणाऱ्याला कोणी शेजारी बसू दिलं नसतं. कोळसा लीगचे आठ संघ होते, एकेका खाणीचा एकेक. आठवडाभर जमिनीखाली गिळलेला राग माणसं रविवारी दुपारी मैदानावर ओकायची. मैदान म्हणजे खाणीच्या कचऱ्याच्या काळ्या डोंगराखाली सपाट केलेली जागा. गवत नाही, नुसती कोळशाची भुकटी. सामन्याला चेंडू एकच, आणि पाचव्या फेरीपर्यंत तो इतका काळा व्हायचा की बॅटरला धड दिसायचा नाही. लिथुआनियन एका बाजूला, वेल्श दुसऱ्या बाजूला, आयरिश जिथे भांडण रंगेल तिथे. बाकांखाली दगड आधीच रचून ठेवलेले असत. कोणाचा दात पडला नाही असा सामना विरळाच.

या सगळ्याच्या मध्ये, तिसऱ्या बेसच्या मागे, सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या खोक्यावर क्लेम वही मांडीवर घेऊन बसायचा. अंगाने काटकुळा, डोळे बारीक, पेन्सिल चाटायची सवय. मोसमातला प्रत्येक चेंडू त्याच्या वहीत होता.

खाणी पुढे एकेक करून बंद पडल्या. १९६१ साली क्लेम बावन्न वर्षांचा होता आणि शर्टांच्या कारखान्यात कापड कापत होता. एका बाईच्या हाताखाली काम करतो म्हणून लोक त्याला चिडवायचे, पण चिडवणाऱ्या निम्म्यांच्या घरी तेवढंही काम नव्हतं. हिवाळ्यात दर रविवारी दुपारी सगळे बंबखान्याच्या हॉलमध्ये शेगडीभोवती जमायचे. इतर गावांतले लोक हिवाळ्यात पुढच्या मोसमाच्या गप्पा मारतात. आमच्याकडे पुढचा मोसमच नव्हता. लीग १९३६ मध्ये बंद पडली ती पडलीच. म्हणून आमची माणसं पंचवीस वर्षं त्याच शेवटच्या मोसमातले दहा सर्वोत्तम खेळाडू लावत बसली होती. भिंतीवर फळा, फळ्यावर एक ते दहा आकडे, आणि खडू ज्याच्या हातात असेल त्याच्या जिवाला घोर.

या क्रमवारीने खाणीपेक्षा थोडीच कमी माणसं जायबंदी केली असतील. चौथ्या नंबरावरून एकदा ब्रोनस गुडायटिसने एका पोलिश माणसाचा तळहात तापलेल्या शेगडीवर दाबून धरला होता. सातव्या नंबरावरून एकाचा कान गेला, म्हणजे अक्षरशः दातांनी तोडला. हा ब्रोनस म्हणजे खाणीतला कोळसा भरणारा गडी, मान डोक्याइतकीच रुंद, बोलायला मंद आणि हाताला जलद. शेवटी असं ठरलं की वाद झाला की क्लेमने वही उघडायची, आकडा वाचायचा, आणि तो आकडा सगळ्यांनी मानायचा. आणि ज्या बॅटरच्या नावावर शंभर डाव, म्हणजे वहीत धरलेल्या बॅटिंगच्या शंभर पाळ्या, नाहीत त्याचं नाव फळ्यावर यायचं नाही; चेंडू टाकणाऱ्याचे जिंकलेले सामने मोजायचे. १९३६ साली जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने बॅटिंगच्या बक्षिसाला हाच नियम लावला होता, तोच चालू राहिला.

पहिल्या नंबरावर मॅगार्व्ही. एकशे तीन डाव, चाळीस फटके. हा आयरिश माणूस आता टकला झाला होता, पोट सुटलं होतं, पण पहिला नंबर त्याने छातीवर बिल्ला लावावा तसा पंचवीस वर्षं मिरवला. क्लेमला बघितलं की तो मुद्दाम विचारायचा, "काय रे, तुझ्या भावाचे किती झाले?"

"नव्याण्णव," क्लेम म्हणायचा.

"अरेरे. एकानेच गेला बिचारा."

क्लेमच्या धाकट्या भावाचे, विटासचे, नव्याण्णव डावांत एक्केचाळीस फटके होते. त्याच्या जवळपास कोणी नव्हतं. पण त्याचं नाव फळ्यावर नव्हतं, आणि शंभरावा डाव कुठे गेला हे पुरतं फक्त क्लेमला ठाऊक होतं.

विटास चोवीस वर्षांचा, डावखुरा. त्या उन्हाळ्यात कोळशाची गाडी पायावरून गेली म्हणून तीन आठवडे घरी बसला होता, नाहीतर शंभर डाव त्याने केव्हाच पुरे केले असते. शेवटच्या सामन्याची आठवी फेरी आली तेव्हा त्याचे नव्याण्णव झाले होते आणि पाळी एकच उरली होती. समोर चेंडू टाकायला सहा नंबर खाणीचा इव्हर प्रोसर. वेल्श माणूस, प्रार्थनामंदिरात भजनं म्हणणारा, मोसमात सोळा सामने जिंकलेला. त्याचा चेंडू गोळीसारखा यायचा.

बॅट घेऊन निघालेल्या विटासला क्लेमने खोक्याजवळ थांबवलं.

"ऐक. हा शंभरावा. पण प्रोसर तुला चार चेंडू बाहेर टाकून फुकटचा बेस देईल. तसा बेस मिळाला तर डाव धरत नाहीत, माहीत आहे ना? तो काहीही टाकू दे, तू बॅट फिरव. आउट झालास तरी शंभर डाव होतात, आणि शंभरात एक्केचाळीस म्हणजे तूच पहिला."

"डोळ्यांपुढे आला तरी फिरवू?" विटास हसत म्हणाला.

"डोळ्यांपुढे आला तरी फिरव."

दोन स्ट्राइक झाले, म्हणजे दोन संधी गेल्या; तिसऱ्याला आउट. तीन चेंडू बाहेर गेले. आणखी एक बाहेर गेला असता तर फुकटचा बेस. प्रोसरने पुढचा टाकला तो उंच आणि आत. शहाणा बॅटर मागे सरला असता. विटास पुढे झुकला आणि त्याने अंगातली सगळी ताकद लावून बॅट फिरवली. बॅट चेंडूखालून गेली आणि चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. विटास गुडघ्यांवर बसला, मग तोंडावर पडला, आणि त्याच्या कानातून रक्त येऊन भुकटीत मिसळायला लागलं.

सगळ्यांत आधी धावत आला तो प्रोसर. "त्याने फिरवली," तो ओरडत होता. "तो आत आला. देवाशपथ, त्याने बॅट फिरवली."

अंपायर खाणीच्या कचेरीतला कारकून होता. त्याच्या डोळ्यांत भुकटी गेली होती आणि पाचावर धारण बसली होती. डावखुऱ्याची बॅट फिरली की नाही हे तिसऱ्या बेसकडून सगळ्यांत स्वच्छ दिसतं. तो वळला आणि म्हणाला, "क्लेम, फिरली का?"

सहाशे माणसं त्याच्याकडे बघायला लागली. क्लेमला विटासचा एक पाय थडथड उडताना दिसत होता. बॅट फिरली म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: डोळ्यांपुढच्या चेंडूवर शहाण्या माणसाने बॅट का फिरवावी, आणि त्याला तसं कोणी सांगितलं? आई पहिल्या बाकावर बसली होती.

"नाही," क्लेम म्हणाला. "तो जागेवर उभा होता. सरळ डोक्यात घातला."

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. प्रोसरला लोकांनी केस आणि पट्टा धरून ओढत रेल्वेच्या रुळापाशी नेलं. वेल्श लोक दगड घेऊन धावले आणि दगड खाऊन मागे हटले. चौघांनी प्रोसरला पालथा पाडला, एक त्याच्या पाठीवर बसला, दोघांनी त्याचा उजवा हात रुळावर ताणून धरला. ब्रोनस गुडायटिसने रुळाचे खिळे ठोकायचा हातोडा आणला. त्याने तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला प्रोसर ओरडायचा थांबला. पोलिसांनी नंतर विचारलं तेव्हा सहाशेपैकी एकानेही काही पाहिलेलं नव्हतं.

विटास तिसऱ्या दिवशी गेला. क्लेमने वहीत त्या चेंडूपुढे लिहिलं, 'अंगाला लागला.' अंगाला लागला तर डाव धरत नाहीत. म्हणजे नव्याण्णव ते नव्याण्णवच राहिले. भावाला ज्या डावासाठी त्याने मरणाच्या तोंडी दिलं, तो डाव त्याने स्वतःच्याच पेन्सिलीने पुसला, आणि ते अक्षर त्या पानावरचं सगळ्यांत सुबक होतं. हे लिहायला वाईट वाटतं, पण क्लेम असाच होता. घाबरला की तो फार नीटनेटकं लिहायचा.

त्यानंतर प्रोसर खाणीत दिव्यांच्या खोलीत काच पुसायचं काम करी, आणि खाण बंद पडल्यावर प्रार्थनामंदिर झाडायला लागला. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे त्या सामन्याच्या दिवशी, क्लेमची आई, म्हातारी ओना, ॲप्रनमध्ये कोळशाचा मोठा खडा घेऊन त्याच्या घरासमोर जायची आणि खिडकीची काच फोडायची. प्रोसर दुसऱ्या दिवशी नवी काच बसवायचा. पंचवीस काचा झाल्या.

तर १९६१ संपताना, त्या हिवाळ्यात बंबखान्याच्या लोकांनी ठरवलं की पंचवीस वर्षं भांडलो ते पुरे. दहा नावं पितळी पाटीवर कोरायची आणि मैदानाच्या फाटकावर लावायची. नावं ठरवायची ती उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधीच्या रविवारी. बातमी म्हातारीच्या कानावर गेली. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, हाताने अजून घट्ट. क्लेम बटाटा भरलेली पिरोगी, म्हणजे उकडलेली करंजी, खात होता, तिने त्याच्या ताटातला काटाच काढून घेतला.

"विटास पाटीवर आहे ना?"

"नाही गं, आई. शंभर डाव लागतात. त्याचे नव्याण्णव आहेत."

"एकासाठी?"

"नियम आहे."

"वही कोणाची आहे?"

"माझी."

"मग एक डाव शोध," म्हातारी म्हणाली. "घरात मीठ कमी पडलं तर मी शोधते ना? मी मरायच्या आधी मला माझ्या पोराचं नाव पितळेवर बघायचंय. आणि ज्याने त्याला मारलं तो मात्र अजून रस्त्याने चालतोय. हा कसला नियम रे तुमचा?"

क्लेमला सांगावंसं वाटलं की डाव आहे, हरवलेला नाही. पण तो डाव द्यायचा तर तुझ्याकडचा खुनी काढून घ्यावा लागेल, आणि त्याच्या जागी तुझा दुसरा मुलगा उभा करावा लागेल. त्याने उरलेली पिरोगी हाताने खाल्ली.

त्या रविवारी हॉल भरला होता. मागच्या स्वयंपाकघरात बायका गोड वडे तळत होत्या, म्हातारी ओना कढईशी होती. मॅगार्व्हीने खडू घेऊन पहिल्या आकड्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि नाटकी वाकून नमस्कार केला. ब्रोनस उठला.

"विटासचं लिही. सगळ्यांना माहीत आहे तो कसा होता."

"माहीत आहे रे. पण शंभर नाहीत."

"मेला म्हणून नाहीत. मारला म्हणून नाहीत."

"मग काय करू? आज तू म्हणशील मेलेल्याला एक डाव सूट द्या, उद्या मी म्हणेन माझ्या कुत्र्याला पाचवा नंबर द्या. वही म्हणजे वही."

"कुत्रा कोणाला म्हणालास?"

"तुला नाही म्हणालो, लेका. तू तर तेवढाही..."

वाक्य पुरं झालं नाही. ब्रोनसची मूठ मॅगार्व्हीच्या तोंडावर बसली, ओठ फाटला. मॅगार्व्ही मागे गेला, शेगडीच्या कठड्यावर आपटला, आणि तिथूनच डोकं खाली घालून ब्रोनसच्या पोटात शिरला. दोघे टेबलावर पडले, टेबल मोडलं, बियरचे पेले फुटले, आणि काचांवर ते दोघे म्हातारे एकमेकांचे कान धरून लोळायला लागले. कोणी सोडवायला गेलं नाही, कारण सोडवणाऱ्यालाच जास्त लागतं. स्वयंपाकघराच्या दारात म्हातारी ओना उभी राहिली, हातात तेलाने थबथबलेला झारा. तिने झारा दाराच्या चौकटीवर आपटला.

"क्लेम," ती म्हणाली. "तू बघ वहीत."

सगळे त्याच्याकडे वळले. ब्रोनस आणि मॅगार्व्हीही जमिनीवरून मान वर करून बघायला लागले. क्लेमने वही उघडली. उघडायची गरज नव्हती. ते पान त्याला डोळे मिटून दिसायचं.

"विटासने बॅट फिरवली होती," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" मॅगार्व्हीने विचारलं.

"शेवटच्या चेंडूवर. दोन स्ट्राइक होते. फिरवली म्हणजे तिसरा स्ट्राइक, म्हणजे तो आउट. आउट झाला म्हणजे डाव धरायचा. शंभर डाव, एक्केचाळीस फटके. तो पहिला आहे."

"अंपायरने तुला विचारलं होतं. भर मैदानात."

"मी खोटं सांगितलं. मीच त्याला फिरव म्हणून सांगितलं होतं. फुकटचा बेस मिळाला तर शंभर होत नव्हते. डोळ्यांपुढे आला तरी फिरव, असं मी म्हणालो होतो."

ब्रोनस उठला. त्याला गोष्ट कळायला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे थांबले.

"म्हणजे प्रोसरने मारला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"मग मी त्याचा हात कशासाठी फोडला?"

क्लेमने वही मिटली. ब्रोनसने पहिला ठोसा जबड्यावर मारला, आणि आतून काहीतरी मोडल्याचं क्लेमला कानात ऐकू आलं. तो पडला तेव्हा ब्रोनसने लाथ घातली. प्रत्येक लाथेला तो तोच प्रश्न विचारत होता, तोच आणि त्याच आवाजात, जणू उत्तर बरगड्यांत कुठेतरी अडकलं आहे. मी कशासाठी फोडला? सांग. कशासाठी? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. ज्या चौघांनी त्या दिवशी प्रोसरला धरलं होतं त्यांतला एक हॉलमध्ये होता. तो पुढे आला तेव्हा वाटलं सोडवेल, पण त्यानेही एक लाथ घातली आणि भिंतीशी जाऊन ओकला. शेवटी मॅगार्व्हीने शेगडीतली सळई उचलून ब्रोनसच्या कोपरावर मारली, तेव्हा तो खाली बसला.

म्हातारी ओना क्लेमपाशी आली. त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. त्याला वाटलं ती वाकेल. ती त्याच्या पायांवरून ओलांडून फळ्याशी गेली.

"शंभर झाले ना?" तिने मॅगार्व्हीला विचारलं.

"झाले, मावशी."

"मग लिही."

मॅगार्व्हीने बाहीने स्वतःचं नाव पुसलं. त्याने तिथे विटास बाल्ट्रुस लिहिलं, आणि खाली दुसऱ्या आकड्यापुढे मॅगार्व्ही. माणूस भांडखोर होता, पण वहीपुढे तो मान तुकवायचा. मग त्याने खडू तिसऱ्या आकड्यावर टेकवला आणि वळला.

"वही खरी मानायची तर प्रोसरपण आला. खुनी म्हणून त्याला वगळला होता. सोळा सामने जिंकलेत त्याने. तिसरा तोच."

म्हातारीने झारा उचलला.

"लिही तर खरं," ती म्हणाली. "माझ्या पोरावर चेंडू त्यानेच टाकला. तुझा हात कढईत घालते की नाही बघ."

मॅगार्व्हीने हॉलभर नजर फिरवली. ब्रोनस जमिनीवर बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. ज्यांनी धरलं होतं, ज्यांनी दगड मारले होते, ज्यांनी पोलिसांना काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यापैकी एकानेही मान वर केली नाही. प्रोसरचं नाव पितळेवर लावायचं म्हणजे रोज फाटकातून जाताना ते वाचायचं. मॅगार्व्हीने खडू खाली ठेवला. तिसऱ्या नंबरावर नऊ नंबर खाणीचा एक पोलिश माणूस गेला, चौदा सामने जिंकलेला, आणि पाटी तशीच कोरायला गेली.

सोमवारी क्लेम कारखान्यात गेला नाही. तीन बरगड्या गेल्या होत्या, जबडा फडक्याने डोक्याला बांधला होता. दुपारी तो काठी टेकत वेल्श आळीत गेला आणि प्रोसरचं दार वाजवलं. प्रोसरची बायको ग्वेन दार उघडून त्याच्याकडे बघत राहिली, मग बाजूला झाली. प्रोसर स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. पेला त्याने डाव्या हातात धरला होता. उजवा टेबलावर होता, बोटं वेगवेगळ्या दिशांना वळलेली, दोन नव्हतीच.

"मॅगार्व्ही काल सांगून गेला," प्रोसर म्हणाला. "बस."

क्लेम उभाच राहिला. "तुझं नाव पाटीवर यायला हवं होतं. तिसरं. त्यांनी घातलं नाही."

"पाटी राहू दे. मला एक सांग." प्रोसरने पेला खाली ठेवला. "त्याने बॅट फिरवली हे मला कोणी सांगायला नको. माझ्यासमोर फिरवली. मला सांग, तू पाहिलं होतंस का?"

क्लेमने दाराकडे पाहिलं. पाहिलं नव्हतं, घरी गेल्यावर दुसऱ्या कोणी सांगितलं, असं म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि एक खोटं त्याने पंचवीस वर्षं सहज वागवलं होतं.

"पाहिलं होतं," तो म्हणाला. "मी जिथे बसायचो तिथून सगळं दिसायचं."

प्रोसरने मानेने दाराकडे खूण केली.

"ही ग्वेन," तो म्हणाला, "पंचवीस वर्षं मला सांगतेय की क्लेमने मुद्दाम केलं. आणि पंचवीस वर्षं मी तिच्याशी भांडतोय. नाही गं, क्लेम खाली बघत होता. पेन्सिल चाटत वहीत लिहीत होता, वर बघितलं तोवर त्याचा भाऊ पडला होता. कोणीही तेच म्हणालं असतं, मीही म्हणालो असतो. दर वर्षी तुझी आई काच फोडायची तेव्हा मी हेच म्हणायचो. या एका गोष्टीवर मी या गावात राहिलो, क्लेम. नाहीतर कधीच गेलो असतो."

तो उठला. उजव्या हाताची मूठ वळवायला गेला, ती वळेना. त्याने तो हात तसाच, मोडक्या फळीसारखा, क्लेमच्या तोंडावर हाणला. क्लेमच्या जबड्यातून कळ डोक्यात गेली, पण कळवळला तो प्रोसर. हात छातीशी धरून तो टेबलावर वाकला, कपाळावर घाम आला. ग्वेन दारात उभी होती आणि पुढे झाली नाही.

"डाव्या हाताने मार," क्लेम म्हणाला. "तो धड आहे."

"धड हात तुझ्यासाठी नाही," प्रोसर म्हणाला. "तुझ्या वाटणीला हाच आला आहे."

आणि त्याने तो पुन्हा उगारला. क्लेमने जबड्याचं फडकं सोडलं आणि तोंड पुढे केलं.